शेजाऱ्याची ओळख

त्या दिवशी सकाळपासून असा वारा सुटला होता, की बाजारपेठेतली धूळ माणसांच्या दातांत करकरत होती. तरी गेनबा चार कोस चालत चंदूशेठच्या कापडदुकानी आला होता. शेजारच्या यसाबाईला दुकानाच्या सोडतीत शिलाई मशीन लागलं होतं, अन् ते ऐकल्यापासून त्याला भाकर गोड लागत नव्हती. आता भिंतीपलीकडून दिवसभर ती खटखट ऐकायची!

मशीन द्यायचं शेठच्याही जिवावर आलं होतं. पोट पुढे काढून तो मशीन न्यायला आलेल्या यसाबाईला म्हणाला, “नियम आहे, बाई. लागून राहणाऱ्या शेजाऱ्यानं चारचौघांत ओळख पटवली, तरच बक्षीस.”

यसाबाईनं गर्दीतल्या गेनबाकडे बोट केलं. गेनबा नजर चुकवून म्हणाला, “मी नाही ओळखत या बाईला.”

“संपलं!” शेठ हसला.

यसाबाई चिडली नाही. “खरं आहे त्यांचं,” ती म्हणाली. “मी यसाबाई नव्हेच. पहिलं बक्षीस लागलेली पारूबाई अजून आली नाही ना? ती मीच. माझा फ्रीज द्या.”

फ्रीज! म्हणजे मशीनपेक्षाही मोठं बक्षीस! “खोटं बोलते, शेठ!” गेनबा ओरडला. “ही यसाबाईच! तीस वर्षं आमची भिंतीला भिंत आहे!”

सगळी पेठ हसली. शेठचा नियम शेठच्याच दुकानात पुरा झाला, अन् मशीन बैलगाडीत चढलं.

गावाच्या वाटेवर ती गाडी गेनबाजवळ येऊन थांबली. यसाबाई म्हणाली, “चढा, भाऊजी, वाऱ्यात कुठं पायी जाता? अन् सदऱ्याची बाही उसवलीय, तो उद्या शिवायला टाका माझ्याकडे. अनोळखी माणसाकडून मी पैसे घेईन, तुमच्याकडून नाही.”