सटवाआबाचे फासे

फार वर्षांपूर्वी डोंगरातल्या सावरखोरं गावी थंडी अशी पडायची, की तान्ही पोरं तिला टिकायची नाहीत. तिथं सटवाआबा नावाचा म्हातारा फासे लावून ससे धरायचा आणि त्यांच्या केसाळ कातड्याची टोपडी शिवून बाळंतिणींना द्यायचा. माणूस एकटा, डोंगर मोठा. पाय सुजायचे, डोळ्याला डोळा लागायचा नाही. शेवटी वैतागून त्यानं गाव गोळा केलं. "या, शिका बाबांनो. मला आता निजायचंय."

पोरं आली, बायका आल्या, पिकल्या मिशांचे बाप्येही आले. फाशाची दोरी कशी पिळावी, हाताचा वास जायला माती कशी चोळावी, गवतातली सशाची वाट कशी ओळखावी, कातडं राख चोळून सावलीत कसं वाळवावं, सारं त्यानं शिकवलं. वर ताकीद दिली, की शिमग्याआधी सगळे फासे उचलायचे, ते पिल्लांचे दिवस. असं म्हणतात, त्या हिवाळ्यात गावातला एकही पाळणा रिकामा झाला नाही. आबा तर दिवसाढवळ्या घोरू लागला.

पण शिकाऊ ती शिकाऊच! फासे सगळ्यांनी मिळून लावलेले. उचलायची वेळ आली तेव्हा ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्यानं उचलले असतील. होळीच्या दिवशी सरपणाला गेलेली ठकूबाई फाशात मेलेली सशाची मादी पदरात घेऊन आली. आबानं त्या मादीची दुधानं भरलेली आचळं पाहिली आणि तो उठला. फार दमला होता बिचारा.

"आबा, तुमी बसा, आमी जातो की," लोक म्हणाले.

"कुटं कुटं लावलेत, ठावं हाय का?"

आबा कण्हत कण्हत डोंगर चढला.

तो परतलाच नाही. असं म्हणतात, तो जिथून गेला तिथल्या फाशांच्या गाठी आपोआप सुटल्या आणि ससे त्याच्या मागून चालू लागले. असंही म्हणतात, की एखादा फासा राहिला असेल या धास्तीनं तो अजून हिंडतोय, घटकाभर टेकतसुद्धा नाही. मला तर नुसतं सांगतानाही पाय दुखतात.

आता तिथं फासे कुणी लावत नाही, कायद्यानं बंदी आहे. तरी होळीला सारं गाव डोंगरावर जातं, गवत हातानं चाचपतं. सापडत काहीच नाही. उतरताना दमलेली माणसं मागं वळून सांगतात, "आबा, समदे उचलले. निजा आता."

मग होळी पेटते. पण सावरखोऱ्यात बोंब कुणी मारत नाही. म्हाताऱ्याचा डोळा लागला असला तर?