चौदा नंबरचं जेवण

"...पण सर, अंगात एवढा दाह चालू असताना खाल्लेलं अंगी लागणार कसं?"

डॉक्टर मिहीर फाईल नाचवत विचारत होते. सुवर्णपदकवाले, आमच्या वॉर्डात नवेच. साखळकर सर त्यांचे गुरू. निवृत्त झाले तरी दर गुरुवारी राउंडला यायचे. मी त्या वॉर्डची सिस्टर.

चौदा नंबरला तान्हूबाई शेळके. वय ऐंशी, जुना मधुमेह, जुना दमा. न्यूमोनिया आटोक्यात आला, पण रक्ताच्या तपासणीत दिसणारा दाह, म्हणजे आतली सूज, काही उतरेना आणि बाई वाळत चाललेल्या. दुपारी नाकातून नळी घालायचं ठरलं होतं. ते ऐकून त्यांचा मुलगा बाहेर बाकावर रडत बसला होता.

"खातात किती?" सरांनी विचारलं.

"फाईलमध्ये आहे ना, सर. नाश्ता दिला, जेवण दिलं. रोज."

"खातात किती, ते विचारलं मी."

मिहीर माझ्याकडे बघायला लागले. खाली सही माझीच होती ना! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ताट ठेवणारी मावशी वेगळी, उचलणारी वेगळी. मधे काय होतं ते कुणीच बघत नव्हतं.

जेवणाची गाडी येऊन गेलीच होती. ताट पलंगावरच्या टेबलावर, आणि बाई भिंतीकडे तोंड करून.

"तान्हूबाई, जेवत का नाही?" सर म्हणाले.

"भूक न्हाई."

"खरं सांगा."

बाई भिंतीकडून आमच्याकडे वळल्या.

"आता काय सांगू, डाक्टर... अंथरुणात बसून जेवायचं? जल्मात न्हाई जेवले मी. बाळंतपणात बी न्हाई."

"अहो आजी, मग बोलायचं नाही का!" मिहीर म्हणाले.

"कुनी इचारलं?"

सरांनी ताट उचललं, खाली फरशीवर ठेवलं आणि पंचाहत्तरीचा तो माणूस समोर मांडी घालून बसला.

"सर! इन्फेक्शन..."

"फरशी आत्ताच पुसलीय," मी म्हटलं.

"अगं बाई, तुमी का खाली बसला?" तान्हूबाई दचकल्याच. "धरा मला. मला बी खाली घ्या."

घडी घातलेल्या ब्लँकेटवर, भिंतीला टेकवून, मिहीर आणि मी, आम्ही दोघांनी त्यांना बसवलं. त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं, पदर सारखा केला. एक घास. बराच वेळ चावला. मग दुसरा...

अर्धी पोळी गेली. भात गेला. माझ्या तर डोळ्यांना धारा लागल्या, आणि दारात मुलगा कधी येऊन उभा राहिला ते कळलंच नाही.

"वरण निस्तं आळणी हाय," तान्हूबाई कुरकुरल्या. "इथं मीठ मिळत न्हाई का?"

सगळा वॉर्ड हसला.

मिहीर हळूच वाकले. "सर, दुपारच्या नळीचं काय? आणि तो दाह..."

सरांनी मान वर केली.

"मिहीर, पळ. मीठ आण."