विड्यावाचून अडलेली बोलणी

फार फार वर्षांपूर्वी, जकातीची कल्पना नुकतीच कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघाली होती, तेव्हाची ही गोष्ट. एक नदी होती आणि तिच्या दोन काठांवर दोन राज्यं. अलीकडे पानमळे, पलीकडे सुपारीच्या बागा. विडा जमायला मध्ये फक्त नदी! पण नाही. दोन्ही काठांवर एकेक नाका होता.

अलीकडे हौसाबाईचा पानमळा होता. नवरा गेल्यावर तिने एकटीने वेली जगवल्या होत्या. पानं पलीकडे विकली गेली तर मळा राहणार, नाहीतर वेली उपटायची वेळ. खुडलेलं पान टिकतं किती? चार दिवस. आणि नाक्यावर लागायचे पाच! अख्ख्या पानाला वेगळी जकात, फाटक्याला वेगळी. म्हणून कारकून एकेक पान उन्हात धरून बघायचा. नाव पलीकडे लागली की तिथला कारकून पुन्हा पहिल्यापासून सुरू.

“अहो, आत्ताच तर मोजली ना त्यांनी!”

“त्यांची मोजणी आम्ही कशी मानायची, बाई?”

हौसाबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. शेवटी एक दिवस तिने कुजक्या पानांची करंडी राजाच्या दरबारात उपडी केली. राजाने नाकाला शेला लावला, पण त्याला तिचं म्हणणं पटलं. पलीकडच्या राजालाही पटलं. जकात उठवण्यासाठी दोन्ही प्रधानांनी बोलणी करावीत असं ठरलं. दवंडी पिटली, आणि हौसाबाईने आळीभर साखर वाटली.

भोळी बिचारी! कुणी कुणाकडे जायचं, यात पावसाळा गेला. मग नदीतल्या बेटावर मांडव घातला. पूर्वेकडे तोंड करून कुणी बसायचं, यात हिवाळा गेला. शेवटी दोघेही पूर्वेकडे तोंड करून शेजारी शेजारी बसले, एकमेकांकडे न बघता.

“आता विडा आणा,” प्रधान म्हणाले. दोन्ही राज्यांची रीतच होती, आधी विडा, मग बोलणी. पान इकडचं, सुपारी तिकडची.

हौसाबाई तर सगळ्यात कोवळी पानं घेऊन सकाळपासून नाक्यावर उभी होती. कारकुनाने पहिलं पान उन्हात धरलं.

“अरे बाबा, ही बोलण्यांसाठीची पानं! जकात उठवायची आहे ना!”

“उठली का?”

“अजून नाही.”

“मग आहे. थांबा.”

पलीकडच्या नाक्यावर सुपारी फोडून किडकी आहे का ते बघत होते. हौसाबाई तशीच नावेत बसून बेटावर गेली.

“प्रधानजी, नाक्याला एक चिठ्ठी द्या, पानं सोडा म्हणून.”

“बोलणी झाल्याशिवाय सूट कशी देणार?”

“मग करा की सुरू!”

“विड्याशिवाय?” दोन्ही प्रधान एकदमच ओरडले. तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं.

आता बोला! हौसाबाईने कपाळावर हात मारून घेतला. पाचव्या दिवशी पानं पिवळी पडून बेटावर पोचली. प्रधानांनी पुढच्या वर्षीचा मुहूर्त काढला आणि तोपर्यंत मांडवाला नवं तोरण लावायला सांगितलं.

पुढच्या वर्षी मात्र मोठीच सुधारणा झाली. दोन्ही राजांच्या हुकमाने बोलण्यांच्या विड्यापुरती सूट मिळाली. प्रधानांचा माणूस धापा टाकत मळ्यात आला.

“हौसाबाई, चला, पानं द्या! नाव थांबलीय. या वेळी कुणी मोजणार नाही!”

मळ्यात एकही वेल नव्हती. गवार उभी होती.

“बारा वर्षांच्या वेली होत्या रे,” हौसाबाई म्हणाली. “माझ्या हातांनी उपटल्या. शेजारच्यांनीही उपटल्या. किती दिवस कुजवायची पानं?” मग तिने मूठभर गवार खुडून त्याच्या हातात दिली. “ही ने. म्हणावं, याचा विडा करा आणि बसा बोलत.”

पलीकडेही सुपारीच्या बागा तोडून झाल्या होत्या. दोन्ही प्रधान मांडवात शेजारी शेजारी बसून राहिले. त्या दोन्ही राज्यांत पुन्हा कुणाचंही तोंड रंगलं नाही.

तर बाळांनो, आणि बाळांच्या बापांनो, तात्पर्य एवढंच: गरजवंत तग धरून आहे तोवर केली तर ती मदत, नंतर केला तो नुसता समारंभ.