विहिरीवरचे रिकामे खोपे

फार पूर्वी एका जुन्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची मोठी वसाहत होती. तिथला रिवाज असा, की नराने अर्धा खोपा विणायचा आणि मादीने आत शिरून तो पारखायचा. पसंत पडला तर पुरा करायचा, नाहीतर तसाच लटकत ठेवून दुसरा विणायला घ्यायचा.

वसाहत वाढली, तशा माद्यांच्या तक्रारीही वाढल्या. "वारा येत नाही." "शेजार फार जवळ आहे." फांदीफांदीवर रिकामे खोपे लोंबू लागले. पिवळोबा नावाचा नर तर काठावरच्या गवताची हिरवी पाती दिवसभर टराटरा फाडून आणायचा.

"अरे, थोडं गवत राहू दे की," त्याची म्हातारी आत्या म्हणाली.

"आत्या, गवताला काय तोटा? आधी घरं तर होऊ देत!"

अखेर भुरी नावाच्या मादीला त्याचा एक खोपा आवडला. यथावकाश पिल्लं झाली, चोची वासून ओरडू लागली. भुरी चारा आणायला काठावर उतरली आणि जागीच थिजली. समोर नुसती उघडी माती होती. गवताचा एक तुरा नाही, एक दाणा नाही, गवतात उड्या मारणारा एक नाकतोडासुद्धा नाही.

"अहो!" ती किंचाळली. "गवत कुठं गेलं?"

पिवळोबाने वर पाहिलं. सगळं गवत बाभळीवर लटकत होतं. वाळलेलं, सुबक विणलेलं, रिकामं.

सवयीनेच आणखी एका खोप्यासाठी तोडलेलं काठावरचं शेवटचं पातं अजून त्याच्या चोचीत होतं.