निम्मे फेरे मागे

एका गावात एक भोळा माणूस होता. भोळी माणसं सगळ्याच गावांत असतात, तुमच्याही घरात एखादं असेल, आरशात बघून घ्या. पण ह्याची गोष्ट वेगळी. एकदा सांगितलेलं तो मरेपर्यंत विसरत नसे. सगळा घोटाळा तिथंच होता.

नाव बाळगोंडा. वय चाळीस, अंगात रेड्याची ताकद, लग्न नाही. बाबालाल मिस्त्रीच्या गॅरेजात कामाला.

बारा किलोमीटरवरच्या गावात आप्पा मगदूम राहायचे. त्यांच्या गोठ्यात म्हशीशेजारी त्यांच्या वडिलांची काळी मोटार उभी होती. इंजिन ठणठणीत, पण स्टेअरिंग म्हातारं. चाक अर्धा फेरा फिरवावं, तेव्हा कुठं गाडीला कळायचं की आपल्याला वळायचंय. तोवर शेजाऱ्याचं कुंपण आलेलं असायचं.

आप्पांची लेक इंदुमती. पस्तिशीची, शिलाई मशीन चालवणारी. अकरा शहाणी स्थळं तिनं नाकारली होती. शहाणे घरात आहेत तेवढे पुरेत, म्हणायची. बाळगोंडाला एकदा बघितलं, पोट धरून हसली आणि हो म्हणाली. आप्पांना घाम फुटला. त्यांनी अट घातली: बाळगोंडानं स्वतःच्या हातानं गाडीचं स्टेअरिंग नीट करावं. गाडी सरळ गेली तर लग्न, आणि वरात त्याच गाडीतून. नाही तर नाकारलेलं स्थळ क्रमांक बारा.

बाबालालचा उजवा हात तेव्हा प्लास्टरात होता. म्हणून तो गोठ्यात बाजेवर बसला, आणि बाळगोंडा गाडीखाली गेला. जीभ एकाची, हात दुसऱ्याचे.

स्टेअरिंगच्या दांड्याखाली एक लोखंडी पेटी असते. आत आटे पाडलेला दांडा, त्यात अडकलेला दाता, आजूबाजूला छर्रे, आणि सगळं तेलात बुडालेलं. बाबालाल म्हणाला, पेटी उघड. बाळगोंडानं उताणं पडून पेटी उघडली. वीस वर्षांचं तेल त्याच्या तोंडात गेलं.

"आरं बाळ्या, आधी आतलं सगळं खाली करायचं असतंय. मग झाकण काढायचं. आलं ध्यानात?"

"आलं, चाचा."

तेवढ्यात इंदुमती चहाची किटली ठेवून गेली. बाळगोंडानं किटली उचलली, तोटी खाली केली आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत चहा शेणात ओतला. मग झाकण काढून आत बघितलं. म्हणाला, रिकामीच दिली की.

बाबालालनं कपाळावर हात मारला. प्लास्टरचाच लागला. म्हणाला, आतून निघालेलं टाकायचं नसतं. ताटात घ्यायचं, रॉकेलनं धुवायचं, ग्रीस लावायचं आणि होतं तिथं परत बसवायचं.

बाळगोंडानं दांडा धुतला, दाता धुतला, एकेक छर्रा मोत्यासारखा धुतला. सगळं पेटीत घातलं. बाबालालला बरं वाटलं. त्यानं तोंडातली कवळी काढून वाटीत ठेवली आणि आ करून झोपला.

वाटीत काहीतरी निघालेलं दिसतंय म्हटल्यावर बाळगोंडा थांबतोय कुठला? त्यानं कवळी रॉकेलनं धुतली. ग्रीस लावलं. आणि होती तिथं परत बसवली. बाबालालनं पुढचे दोन दिवस बिडी पेटवली नाही. भीतीच वाटायची.

मग झाकण बसवायची वेळ आली. झाकणाखाली पातळ चकत्या असतात. एक काढली की आतलं घट्ट होतं, एक घातली की सैल. बाळगोंडानं सगळ्याच काढल्या आणि अंगातला रेडा लावून नट आवळले. स्टेअरिंग देवळाच्या खांबासारखं झालं. दोघांनी लोंबकळून बघितलं, हलेना.

"एवढं आवळू नये, बाळ्या. केसभर ढिलं ठेवावं. न्हाईतर फिरत न्हाई."

त्यानं चकत्या परत घातल्या, केसभर ढिलं ठेवलं, चाक लोण्यासारखं फिरलं. त्याच संध्याकाळी आप्पांनी त्याला म्हैस बांधायला सांगितली. त्यानं दावं खुंट्याला केसभर ढिलं बांधलं. फिरायला नको का?

म्हैस फिरली. रात्रभर फिरली. सकाळी दुसऱ्याच्या उसात सापडली, आणि ऊस तिच्या पोटात. आप्पांनी बाळगोंडाला समोर उभं केलं आणि सांगितलं, आता आणखी एक चूक झाली की लग्न मोडलं. बाळगोंडा दिवसभर जेवला नाही. इंदुमतीनं कपात चहा पाठवला. कपाला झाकण नसतं, म्हणून तो वाचला.

शेवटचं काम उरलं. पेटीतून बाहेर येणारा लोखंडी हात चाकांना जोडायचा. बाळगोंडानं तो बसला तसा बसवला. गाडी उजवीकडे झकास वळायची, डावीकडे अजिबात नाही. आप्पा वाड्याकडून येताना दिसले. बाबालालनं घाईघाईनं बाळगोंडाचा कान धरला.

"तो लोखंडी हात सोडव. स्टेअरिंगचं चाक एका टोकाला ने. तिथनं दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोज. जेवढे भरतील त्याच्या निम्मे मागं ये. तो मध्य. तिथं थांब, हलू नकोस, आन् मग आवळ."

बाळगोंडानं मोजले. तीन भरले. दीड मागं आला. थांबला. आवळलं.

आप्पांनी गाडी गावच्या वेशीपर्यंत नेली आणि आणली. गाडी रेघ मारल्यासारखी गेली. आप्पांचे डोळे भरून आले. बाबालालनं आयुष्यात पहिल्यांदा बाळगोंडाची पाठ थोपटली आणि म्हणाला, हे शेवटचं तेवढं कधी विसरू नकोस.

लग्न थाटात लागलं. सप्तपदी सुरू झाली. तांदळाच्या सात राशी, पुढं बाळगोंडा, उपरण्याच्या गाठीला इंदुमती, आणि उपाध्ये एकेक पाऊल मोजतायत. सातवं पाऊल पडलं. टोक आलं.

बाळगोंडा बोटांवर काहीतरी मोजत उभा राहिला. मग वळला आणि चालत मागं आला. चौथ्या राशीपर्यंत आला आणि तिसरीकडे एक पाय वर उचलून थांबला.

उपाध्ये घाबरले. शास्त्रात असं कुठं नव्हतं. मांडवातल्या एका म्हाताऱ्यानं निवाडा दिला की लग्न निम्मं लागलंय. आप्पा पाटावरून उठले.

बाळगोंडा एका पायावर शांत उभा होता. म्हणाला, "मध्य आलाय. आता गाठ आवळा. पण केसभर ढिली ठेवा, न्हाईतर संसार फिरत न्हाई."

मांडवातल्या सगळ्या बायका माना डोलवायला लागल्या. आप्पांची बायको आप्पांकडे बघायला लागली. आप्पा परत पाटावर बसले. इंदुमतीनं गाठ हातात धरली आणि नवऱ्याला उरलेली साडेतीन पावलं ओढत नेलं. लग्न पुरं झालं.

वरात निघाली. बाळगोंडा चालवायला, शेजारी नवरी, मागच्या सीटवर मानाचा बाबालाल. काळी मोटार बारा किलोमीटर सरळ गेली. दारात बाळगोंडाची आई ओवाळायचं ताट घेऊन उभी, उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप, वाजंत्री सुरू.

बाळगोंडानं गाडी दाराशी आणली. आईला नमस्कार केला. बसल्या जागेवरून. आणि गाडी वळवून परत निघाला.

आई ताट घेऊन बघत राहिली. गाडी सहा किलोमीटर मागं आली आणि ओढ्याच्या पुलावर थांबली. बाळगोंडा उतरला. चारी चाकांखाली मोठाले दगड लावले, लाथा मारून घट्ट केले. मागं उसाच्या बैलगाड्या थांबल्या. पुढंही थांबल्या.

"अहो, हे काय?" इंदुमतीनं विचारलं.

"एका टोकाला तुझं घर, दुसऱ्या टोकाला माझं. हा मध्य. आता हलायचं न्हाई."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

बाळगोंडानं अभिमानानं मागच्या सीटकडे बोट दाखवलं. इंदुमती हळूच मागं वळली.

बाबालालनं कवळी काढून खिशात घातली आणि आ करून झोपेचं सोंग घेतलं.