आबासाहेबांना मिळालेला खो

दमयंती लवटेनं आधी खो-खोत राज्याचं सुवर्णपदक पटकावलं, मग अडथळ्यांच्या शर्यतीत पटकावलं, आणि आता तिला सायकलच्या राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलं होतं. संध्याकाळपर्यंत जिल्हा संघटनेच्या अध्यक्षांची सही पोचली नाही, तर जागा दुसरीला जाणार होती.

अध्यक्ष होते आबासाहेब खरमाटे, एके काळचे खो-खोपटू. खेळ सुटला, पोट सुटलं, पण बावीस वर्षांत खुर्ची काही सुटली नाही.

"माकडासारखी या झाडावरून त्या झाडावर," भरल्या बैठकीत ते म्हणाले. "खो-खोनं तुला काही शिकवलं का गं दमे? एक गोष्ट दाखव, लगेच सही करतो."

सगळे सदस्य खो खो हसले.

दमयंती टेबलाला वळसा घालून आबासाहेबांच्या मागे गेली, पाठीवर थाप दिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "खो."

हाड जुन्या खेळाडूचं. डोक्याला कळायच्या आत आबासाहेब ताडकन उठले. दमयंती त्यांच्या खुर्चीत बसली, कारण खो देणाऱ्यानं उठणाऱ्याची जागा घ्यायची, हा नियमच आहे.

"हे शिकले, आबा," ती म्हणाली. "खो मिळाला की जागा सोडायची. मी दर वेळी सोडली. तुम्हाला इतकी वर्षं कुणी खो दिलाच नाही, त्यात तुमचा काय दोष?"

तिनं अर्ज पुढे सरकवला. आबासाहेबांनी उभ्यानंच सही केली. शेजारी एक खुर्ची रिकामी होती, पण ती साध्या सदस्याची होती.