तळाशी ठेवलेलं दही

एकदा एक परिचारिका आपल्या वृद्ध गुरूंकडे औषध मागायला गेली. हे गुरू म्हणजे नदीकाठच्या एका लहान गावात एकटे राहणारे वैद्य. रुग्णाची सेवा कशी करावी याचे पहिले धडे तिने त्यांच्याजवळ गिरवले होते. आता ती जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात लहान मुलांचा वॉर्ड सांभाळत होती. कोणाचीही पाळी असो, हिला निरोप गेला की ही हजर. रजा हा शब्द तिला ठाऊकच नव्हता. अशा बाईला आपल्याकडे देवमाणूस म्हणतात. देवाला निदान नैवेद्य तरी दाखवतात. हिला जेवलीस का म्हणून विचारायचंही कोणाच्या मनात येत नसे.

गुरूंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. "ताप नाही. काय होतंय?"

"थकवा जात नाही, गुरुजी. काहीतरी द्या, म्हणजे उभी राहीन."

"एवढ्यासाठी तू इतक्या लांब आली नाहीस."

ती पदराशी चाळा करू लागली. मग म्हणाली, "मागच्या आठवड्यात एक मुलगा गेला. चार वर्षांचा. त्याची आई माझ्या गळ्यात पडून रडत होती आणि माझ्या मनात एवढंच होतं, की शेजारच्या खाटेवरचं सलाईन संपत आलंय. मी तिचे हात सोडवले, सलाईन बदललं. मग डबा खाल्ला, गुरुजी. सगळा खाल्ला. घरी मुलगी शाळेतलं काही सांगायला येते, तेव्हा तिचे ओठ हलताना दिसतात. मला कशाचंच काही वाटत नाही. मी वाईट झालेय का?"

हे सांगतानाही तिचे डोळे कोरडे होते. गुरू उठले. "ऊन उतरेपर्यंत थांब," एवढंच म्हणाले आणि जेवणाची पानं घेऊ लागले.

एवढ्यात दारात एक वाटसरू बाई आली. कडेवर पोर, उन्हानं दोघांचे चेहरे उतरलेले. गुरूंनी त्यांना सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि घरातलं दही भातावर वाढलं. स्वतःच्या आणि शिष्येच्या पानात त्यांनी नुसता आमटीभात घेतला. पोराने बोटं चाटून पुसून भात संपवला आणि म्हणालं, "आजोबा, अजून दही."

भांड्याच्या तळाशी दोन चमचे दही होतं. पोराला ते दिसतही होतं. गुरूंनी भांड्यावर झाकण ठेवलं. "नाही बाळा, एवढं देता येणार नाही."

पोराने भोकाड पसरलं. आई ओशाळली, "असू द्या हो, फार लाडावलाय," असं पुटपुटत त्याला उचलून निघून गेली. वळणापर्यंत त्याचं रडणं ऐकू येत होतं.

शिष्येला राहवलं नाही. "गुरुजी, तुम्ही? दोन चमचे दह्यासाठी लेकराला रडवलंत? मी असते तर भांडं खरवडून दिलं असतं."

"ते मला माहीत आहे," गुरू म्हणाले, आणि भांडी आवरायला लागले.

संध्याकाळी गवळी दूध घालून गेला. गुरूंनी ते तापवलं, कोमट होऊ दिलं, मग झाकण काढून ते दोन चमचे दही त्यात कालवलं आणि भांडं कोपऱ्यात ठेवलं. नंतर ते तिच्यासमोर येऊन बसले.

"ते दही उरलेलं नव्हतं, पोरी. विरजण होतं. ते दिलं असतं तर पोर हसत गेलं असतं आणि मी फार चांगला ठरलो असतो. पण उद्या दारात येणाऱ्यापुढे ठेवायला या घरात दही लागलंच नसतं. नाही म्हणताना माझा जीव तुटला नाही असं समजू नकोस. त्याचं रडणं अजून कानात आहे. ते सोसावं लागतं. तुला ते कधी सोसवलं नाही. म्हणून तू मागेल त्याला देत गेलीस, तळातलंसुद्धा दिलंस. तू वाईट नाही झालीस. तू संपलीस. औषध दिलं तर तू उद्या पुन्हा वॉर्डात उभी राहशील, म्हणून मी ते देणार नाही. वर्षभर थांब."

"वर्षभर!" ती दचकली. "आणि मी नसताना एखादं मूल गेलं तर?"

"जाईल. तू असतानाही गेलं. आणि तेव्हा तू तिथे होतीस का, हे तूच मला सकाळी सांगितलंस."

तिने कोपऱ्यातल्या भांड्याकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "आणि विरजणच संपलं असेल तर?"

"तर दुसऱ्याच्या घरून मागून आणतात. त्यात लाज कसली? भांडं घेऊन आपण जावं लागतं, इतकंच. तू आलीस. मग ते भांडं एका जागी ठेवायचं. झालं का, झालं का म्हणून हलवत बसायचं नाही."

परत गेल्यावर तिने वर्षभराची बिनपगारी रजा मागितली. वरिष्ठांनी कपाळाला आठ्या घातल्या, घरच्यांनी खर्चाची आठवण करून दिली, सोबतिणी म्हणाल्या, "मजा आहे बाई तुझी." तिने सगळं ऐकून घेतलं.

शेवटच्या दिवशी ती निघत असताना खिडकीजवळच्या खाटेवरच्या मुलीची आई धावत आली. मुलीचा ताप उतरत नव्हता. तिने परिचारिकेचा हात धरला. "ताई, तुमच्या हातूनच ती औषध घेते. उद्या या ना. फक्त उद्या."

होकार ओठांवर आलेला होता. आजवर तो असाच आला होता. पण ती म्हणाली, "नाही हो. उद्या मी येणार नाही."

त्या आईने हात सोडला. तिचा चेहरा पाहवत नव्हता. परिचारिका फाटकापर्यंत कशीबशी आली आणि तिथे तिला रडू कोसळलं. आधी त्या तापातल्या मुलीसाठी, मग चार वर्षांच्या त्या मुलासाठी, ज्याच्या आईचे हात तिने सोडवले होते. येणारे-जाणारे थबकून पाहत होते. किती तरी महिन्यांनी तिला कशाचं तरी दुःख होत होतं. डोळे पुसायची घाई न करता ती घराकडे चालत राहिली.